त्रेपन्नच्या जागी शून्य

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकहून मालेगावकडे जाताना वाटेत चांदवड लागते. डोंगराच्या कुशीतले हे तालुक्याचे गाव अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालासाठी आणि रेणुकादेवीच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. एके काळी येथे होळकरांची टांकसाळही होती. या लेखाचा संबंध मात्र गावात १९९०नंतरच्या दशकात घरोघर येऊ लागलेल्या एका प्लॅस्टिकच्या खोक्याशी आहे. टीव्हीला जोडायचे, हातात दोन नियंत्रक धरायचे आणि खेळायचे. लोक त्याला 'व्हिडिओ गेम' एवढेच म्हणत.

आमच्याकडच्या खोक्याबरोबर एक पिवळी 'कॅसेट' मिळाली होती. तिच्यात फीत नव्हती. ती खरे तर एका छोट्या सर्किट बोर्डाभोवतीची डबी होती, पण सगळी मुले तिला कॅसेटच म्हणत. तिच्यावर छापले होते, '९९९९ इन वन'. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही वही घेऊन बसलो आणि यादीतले खेळ क्रमाने लावून नोंदी करू लागलो. पहिल्या दोनशे नावांत खरोखर वेगळे खेळ भरले फक्त बावीस. बाकी सारे त्यांचेच अवतार! तोच खेळ एका क्रमांकाला पहिल्या टप्प्यापासून सुरू होई, दुसऱ्या क्रमांकाला चौथ्या टप्प्यापासून, तर तिसऱ्याला सुरुवातीपासूनच हाती मोठी बंदूक मिळे. फसवणूक झाल्याचे वाईट वाटले. पण त्याहून मोठा एक प्रश्न मनात राहिला. खेळ जर एकच, तर तो इतक्या तऱ्हांनी बदलला कसा?

उत्तर शोधायला डबी उघडली. आत हिरव्या पट्टीवर वाळलेल्या लाखेसारखा एक काळा थेंब होता. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवला, तेव्हा तो म्हणाला की चिप याच्या खाली आहे आणि ती काही उघडता येत नाही. आमचे संशोधन तेथेच थांबले. पुढे बऱ्याच वर्षांनी उत्तर सापडले, आणि त्याबरोबर हेही कळले की आमच्या आधी काही वर्षे पुण्यात तयार झालेल्या एका घरगुती संगणकावर हा बदल कोणीही शाळकरी मुलगा स्वतःच्या हाताने करू शकत होता. उघड्या यंत्राची आणि बंद खोक्याची ही गोष्ट शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

खेळ आणि बदल : जुळी भावंडे

संगणकावरचे खेळ आधी आले आणि त्यांत बदल करण्याची खोड नंतर लागली, असे कोणाला वाटेल. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६२ साली पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात, एवढीच मूळ कल्पना. मागच्या आकाशातले तारे कसेही विखुरलेले होते. पीटर सॅमसन या विद्यार्थ्याला ते खटकले. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा संगणकात भरला आणि पडद्यावर खरी नक्षत्रे आणली. डॅन एडवर्ड्सने मध्यभागी एक तारा ठेवून त्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित घातले, त्यामुळे याने सरळ न जाता वक्र मार्गाने जाऊ लागली. खेळाचा प्रोग्रॅम सर्वांसमोर उघडा होता, म्हणून हे शक्य झाले. एकाला खगोलशास्त्र आवडत होते, दुसऱ्याला यामिकी. दोघांनीही आपापली आवड खेळात उतरवली.

पीडीपी-१ हा खोलीभर पसरलेला, लाखो रुपये किमतीचा संगणक होता. ही मोकळीक सामान्य घरात यायला वीस वर्षे लागली.

पुण्याचा स्पेक्ट्रम

इंग्लंडमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक बाजारात आणला. १६ के स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केच्या यंत्राची १७५ पौंड होती. झेड-८० जातीचा प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या तालावर चाले. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला घरातलाच कॅसेट रेकॉर्डर वापरायचा.

भारतात नोव्हेंबर १९८४मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि संगणकावरील निर्बंध व जकात सैल झाली. त्यानंतर १९८६च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे यंत्र भारतात विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंग्लंडात ॲमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतला. पुण्याच्या यंत्राला १९९०पर्यंत गिऱ्हाईक होते. पुढे आयबीएम पद्धतीच्या पीसीसमोर ही बाजारपेठ आटली.

हे यंत्र चालू केले की पडद्यावर खेळ दिसत नसे, कसली यादीही दिसत नसे. बेसिक भाषा हजर होई आणि तुमच्या आज्ञेची वाट पाही. ही साधी गोष्ट फार महत्त्वाची होती. खेळायचे असेल तरी आधी 'लोड' ही आज्ञा द्यावी लागे. फीत फिरू लागली की कर्कश किरकिर ऐकू येई. या आवाजात शून्य आणि एक हे अंक दडलेले असत. शून्यासाठी लहान स्पंदन, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचे. वेग सेकंदाला सरासरी १५०० अंकांचा. संपूर्ण ४८ के स्मृती, म्हणजे ४९,१५२ बाईट, म्हणजेच ३,९३,२१६ द्विमान अंक भरायला किती वेळ लागेल, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर साधारण साडेचार मिनिटे येते. फितीवर कचरा बसला, आवाज कमीजास्त झाला, तर शेवटी तपासणीचा बाईट जुळत नसे आणि 'टेप लोडिंग एरर' असा शेरा वाचायला मिळे. मग पुन्हा पहिल्यापासून.

३५१३६ या घरातला अंक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची एक लांबच लांब रांग. प्रत्येक घरात ० ते २५५ यांपैकी एक संख्या राहते. गंमत अशी, की खेळाडूचे गुण, चित्रे, रंग आणि खुद्द प्रोग्रॅमच्या आज्ञा, सगळे याच रांगेत संख्यांच्या रूपाने असते. एखादी संख्या गुण आहे की आज्ञा, हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते. प्रोसेसर ती कोणत्या वेळी, कशासाठी वाचतो त्यावर ते ठरते.

स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेत 'पीक' आणि 'पोक' असे दोन शब्द होते. 'पीक' म्हणजे अमुक घरात डोकावून तेथील संख्या सांगणे. 'पोक' म्हणजे त्या घरात नवी संख्या ठेवणे. एवढ्या दोन शब्दांनी संपूर्ण यंत्र उघडे होते.

मॅथ्यू स्मिथ या तरुणाने लिहिलेला 'मॅनिक मायनर' हा खेळ १९८३ साली निघाला. वीस गुहा, आणि त्या पार करायला खाणकामगार विलीला तीन आयुष्ये. विली मेला की प्रोग्रॅम आधी पाही, की शिल्लक आयुष्ये शून्य आहेत का. असतील तर खेळ संपे. नसतील तर तो ती संख्या एकाने कमी करी आणि गुहा पुन्हा सुरू करी. ही 'एकाने कमी कर' आज्ञा झेड-८०च्या भाषेत ५३ या संख्येने लिहितात आणि या खेळात ती ३५१३६ क्रमांकाच्या घरात होती. तेथे शून्य ठेवले तर काय होईल? झेड-८०च्या भाषेत शून्य म्हणजे 'काहीही करू नकोस'. म्हणजे विली मरेल, गुहा पुन्हा सुरू होईल, पण आयुष्य कमी होणार नाही. विली अमर!

हा बदल करायला खेळ सुरू होण्याच्या आधी त्याला अडवावे लागे. त्यासाठी 'लोड'च्या ऐवजी 'मर्ज' ही आज्ञा वापरत. तिने फितीवरचा पहिला छोटा बेसिक प्रोग्रॅम स्मृतीत येई, पण आपोआप सुरू होत नसे. त्यात 'पोक ३५१३६, ०' एवढे घुसडायचे आणि मग पुढे जाऊ द्यायचे. असे 'पोक' इंग्रजी संगणक मासिकांत दर महिन्याला छापून येत आणि मुले ते वहीत उतरवून एकमेकांना देत.

पण वहीतून उतरवणारा आणि शोधून काढणारा यांत फरक आहे. शोधणाऱ्याची पद्धत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. शिल्लक आयुष्ये कोणत्या घरात असतील याचा तर्क करायचा. एक आयुष्य गमवायचे आणि कोणत्या घरातली संख्या एकाने घटली ते पाहायचे. मग त्या घराचा पत्ता प्रोग्रॅममध्ये कोठे कोठे येतो ते शोधायचे. सापडलेल्या ठिकाणी एकच बदल करायचा, बाकी सर्व तसेच ठेवायचे आणि निरीक्षण करायचे. तर्क चुकला तर पडदा गोठे किंवा रंगीबेरंगी चौकटींनी भरून जाई. वीज बंद करून पुन्हा चालू केली की यंत्र पूर्ववत. मूळ फीत सुरक्षित, बेसिक भाषा न पुसणाऱ्या १६ के स्मृतीत सुरक्षित. चुकीची किंमत फार तर साडेचार मिनिटे!

आमच्या मते या यंत्रांचे खरे शैक्षणिक मोल येथे आहे. त्यांचा वेग नगण्य होता, चित्रे ओबडधोबड होती. पण त्यांवर कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटून दिसत, आणि चूक स्वस्त होती.

विषारी वायूची सारवासारव

स्मिथचा पुढचा खेळ 'जेट सेट विली' १९८४ साली आला. त्यात एक चमत्कारिक दोष होता. खेळाडू माळ्याच्या खोलीत जाऊन आला, की त्यानंतर घरातल्या काही दुसऱ्या खोल्या बिघडत. कोठे राक्षसच नाहीसे होत, तर कोठे पाऊल टाकताच मरण येई. प्रकाशकांनी आधी सांगितले, की हे मुद्दामच केले आहे, त्या खोल्यांत विषारी वायू भरला आहे! नंतर त्यांनी चूक मान्य केली आणि ती दुरुस्त करणारे 'पोक' स्वतःच प्रसिद्ध केले.

दोष असा होता, की माळ्यावरच्या एका बाणाच्या मार्गाची माहिती चुकीची होती. पडद्याच्या चित्रासाठी राखलेली जागा संपली तरी बाण पुढे जातच राही आणि त्याचे चित्र खेळाच्या माहितीवर उमटे. चित्राचे अंक खोल्यांच्या माहितीच्या घरांत जाऊन बसत. चित्र, माहिती आणि आज्ञा एकाच रांगेत राहतात, या वर सांगितलेल्या तत्त्वाचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. ते ध्यानात आलेल्या मुलाला 'विषारी वायू'ची कथा पटणे शक्य नव्हते. यंत्राच्या आत डोकावता येणे म्हणजे काय, तर अधिकाराने सांगितलेली गोष्ट स्वतः पडताळून पाहता येणे.

यंत्राचे अंगही असेच उघडे होते. स्क्रू काढले की चिपा दिसत आणि त्यांवरचे क्रमांक वाचता येत. १६ केचे यंत्र ४८ केचे करायला आणखी चिपा खोबणीत बसवाव्या लागत. त्यांतही एक काटकसर होती. कारखान्यात ६४ किलोबिटच्या ज्या चिपांचा अर्धा भाग सदोष निघे, त्या फेकून न देता ३२ किलोबिटच्या म्हणून विकल्या जात. सिंक्लेअरने त्या वापरल्या. वरचा अर्धा चांगला की खालचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने सांगायचे. 'सदोष' वस्तूतून उपयोगी वस्तू कशी बनते, हे आपल्याकडच्या जुन्या बाजारातल्या कारागिरांना समजावून सांगावे लागणार नाही.

बंद खोक्याची किल्ली

आता चांदवडच्या खोक्याकडे येऊ. त्याचा मूळ पुरुष जपानचा. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे खेळयंत्र काढले. त्यात ६५०२ या घराण्यातला प्रोसेसर होता आणि कामाची स्मृती अवघी २ के. खेळाचा प्रोग्रॅम ६० टोकांच्या कार्ट्रिजमध्ये, न पुसणाऱ्या चिपेत असे. अमेरिकेत निघालेल्या त्याच्या भावंडात, म्हणजे 'एनईएस'मध्ये, परवान्याशिवायचे कार्ट्रिज अडवणारी एक कुलूप-चिप होती. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. त्यामुळे आशियाभर त्याच्या नकला निघाल्या. भारतात १९९०नंतर समुराई, मीडिया, लिटिल मास्टर अशा नावांनी जी खोकी मिळत, ती याच कुळातली. त्यांबरोबर येणारे बहुतेक खेळ मूळ कंपन्यांना विचारल्याशिवाय उतरवलेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या यंत्रात कळफलक नाही, बेसिक नाही, 'पोक' नाही. कार्ट्रिजमधला अंक तर पुसताच येत नाही. मग बदल करायचा कसा? इंग्लंडच्या कोडमास्टर्स कंपनीने याचे सुरेख उत्तर शोधले. 'गेम जिनी' हे त्यांचे साधन १९९०पासून उत्तर अमेरिकेत विकले जाऊ लागले. ते यंत्र आणि कार्ट्रिज यांच्या मध्ये बसे. प्रोसेसर कार्ट्रिजला विचारी, 'अमुक घरात काय आहे?' जिनी तो प्रश्न ऐके. ठरवलेल्या घराचा प्रश्न आला, की कार्ट्रिजचे उत्तर अडवून स्वतःचे उत्तर देई. अंक तसाच राही, फक्त प्रोसेसरला वेगळा ऐकू येई.

कोणत्या घरासाठी कोणते उत्तर द्यायचे, ते सहा अक्षरांच्या संकेताने सांगत. अक्षरे सोळाच वापरलेली, म्हणजे प्रत्येक अक्षर चार द्विमान अंकांचे. सहा अक्षरांचे २४ अंक झाले. त्यांतले १५ घराच्या पत्त्यासाठी, ८ नव्या संख्येसाठी आणि १ संकेताचा प्रकार सांगण्यासाठी. पत्त्याला १५च का? कारण कार्ट्रिजमधला प्रोग्रॅम प्रोसेसरला ३२,७६८ घरांत दिसे, आणि दोनचा पंधरावा घात नेमका ३२,७६८ आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५च्या खेळाचे उदाहरण घेऊ. हा संपूर्ण खेळ ४० केमध्ये मावतो, त्यात प्रोग्रॅम ३२ के आणि चित्रे ८ के. त्यात अमर होण्याचा जिनी-संकेत होता 'एस-एक्स-आय-ओ-पी-ओ'. तो उलगडला तर पत्ता निघतो ३७३३७ आणि संख्या १७३. मूळ खेळात त्या घरात २०६ आहे. ६५०२च्या भाषेत २०६ म्हणजे 'पुढे दिलेल्या पत्त्यावरची संख्या एकाने कमी कर'. पुढच्या दोन घरांत ९० आणि ७ आहेत. हा त्या संख्येचा पत्ता : ७ गुणिले २५६ अधिक ९०, म्हणजे १८८२. मारिओची आयुष्ये तेथे राहतात.

विचार करण्यासारखा प्रश्न असा. 'काही करू नकोस' ही आज्ञा ६५०२लाही येते, तिचा अंक २३४. मग संकेतात २३४ का नाही, १७३ का? मॅनिक मायनरमध्ये आज्ञा एकाच घराची होती, ती पुसली की काम झाले. येथे आज्ञा तीन घरांची आहे. पहिल्या घरात २३४ ठेवले, तर प्रोसेसर पुढे सरकेल आणि ९० व ७ या पत्त्याच्या तुकड्यांनाच आज्ञा समजून पाळू लागेल. सगळा क्रम विस्कटेल. १७३ म्हणजे 'पुढे दिलेल्या पत्त्यावरची संख्या नुसती वाच'. हीसुद्धा तीन घरांचीच आज्ञा. वाचल्याने काही बिघडत नाही, आणि पुढची दोन घरे पत्ता म्हणूनच वाचली जातात. हा अंक निवडणाऱ्याने खेळापेक्षा प्रोसेसरच अधिक ओळखला होता.

निन्टेन्डोला हे साधन रुचले नाही आणि कंपनीने अमेरिकेत ते विकणाऱ्या गॅलूब कंपनीवर खटला भरला. अपील न्यायालयाने १९९२ साली निकाल गॅलूबच्या बाजूने दिला. जिनी खेळाची नवी प्रत तयार करत नाही, त्याचा परिणाम तात्पुरता असतो, आणि विकत घेतलेला खेळ घरी वेगळ्या नियमांनी खेळल्याने कोणाचा हक्क बुडत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्या वस्तूच्या आत पाहण्याचा आणि ती आपल्यापुरती बदलण्याचा हक्क मालकाला किती, हा प्रश्न आज फोनपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या यंत्रांना लागू आहे.

आमच्या '९९९९ इन वन'चे कोडेही आता सुटते. यादी दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम सुरुवातीला चाले. नाव निवडले, की तो सुरुवातीचा टप्पा, आयुष्ये, बंदूक अशा मोजक्या घरांत वेगवेगळे अंक ठेवी आणि मग खेळाकडे उडी मारी. यादीतल्या बहुतेक नावांमागे नवा खेळ नसून दोन-तीन अंकांचाच फरक होता. म्हणजे कोणीतरी आमच्यासाठी 'पोक' करून ठेवले होते आणि ते लपवून, मोठा आकडा छापून विकले होते. फसवणूक होती खरी, पण त्या फसवणुकीत एक धडा होता. काळ्या थेंबाखाली असल्यामुळे तो आमच्यापर्यंत पोचला नाही.

शाळेच्या कपाटातला संगणक

शाळांपर्यंत उघडे यंत्र आलेच नव्हते, असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या 'क्लास' या संगणक साक्षरता प्रकल्पाखाली १९८४-८५मध्ये देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. हे यंत्र इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बीबीसीच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठी तयार केले होते. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' या नावाने त्याची भारतीय आवृत्ती काढली. त्यात ६५०२ प्रोसेसर, ३२ के स्मृती आणि उत्तम बेसिक भाषा होती. 'पीक' आणि 'पोक'चे काम त्यात नुसत्या प्रश्नचिन्हाने होई. प्रोसेसरच्या भाषेत थेट लिहिण्याची सोयही बेसिकमध्येच होती. याच यंत्रावर १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा प्रसिद्ध अवकाश-खेळ लिहिला.

इंग्लंडमधल्या अशा यंत्रांवर वाढलेली पिढी पुढे कोठे गेली, हेही पाहण्यासारखे आहे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पूर्वानुभव उतरत चालल्याचे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. घरात उघडे यंत्र राहिले नाही, हे त्यांना त्याचे एक कारण वाटले. त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त, उघडा संगणक निघाला. जुन्या यंत्रांकडे पाहण्याचा हेतू नुसता गतकाळाच्या गोडव्याचा नाही, हे यावरून दिसावे.

आज मुलांच्या हातातल्या साध्या फोनमध्येही ४ जीबी कार्यस्मृती असते. स्पेक्ट्रमच्या तुलनेत ती ८७ हजार पटींहून जास्त झाली. पण त्यातले एकही घर मुलाला बदलता येत नाही. याला कारणेही आहेत. त्याच फोनमध्ये बँकेचे खाते असते, खासगी पत्रे असतात, तेथे कुलूप हवेच. म्हणून आम्ही फोन उघडा करा असे म्हणत नाही. चूक स्वस्त असलेली एक जागा मुलांना मिळावी, एवढेच म्हणतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

ही जागा फुकट तयार करता येते. आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम मिळतात. स्पेक्ट्रमसाठी 'फ्यूज' आणि फॅमिकॉमसाठी 'एफसीईयूएक्स' हे दोन्ही मोफत आहेत. स्पेक्ट्रमच्या आतली बेसिक भाषा अशा नकलांबरोबर वाटायला ॲमस्ट्रॅडने १९९९मध्येच परवानगी दिली आहे. खेळ मात्र ज्यांच्या मालकांनी मोकळे केले आहेत असे, किंवा स्वतः लिहिलेले वापरावेत.

संगणकच नसेल तर फळा पुरेसा आहे. आठ चौकोन आखा. आठव्यात ३ लिहा, ती आयुष्ये. पहिल्या सातांत संख्या भरा आणि त्यांचे अर्थ ठरवा : ० म्हणजे काही करू नका, ५३ म्हणजे आठव्या घरातली संख्या एकाने कमी करा, ५२ म्हणजे एकाने वाढवा, ९९ म्हणजे थांबा. एका विद्यार्थ्याला प्रोसेसर करा. त्याने चौकोन क्रमाने वाचून निमूटपणे आज्ञा पाळायच्या, स्वतःची अक्कल वापरायची नाही. मग दुसऱ्याला एकच चौकोन बदलू द्या आणि निकाल काय येईल ते वर्गाने आधी लिहून ठेवावे. (५२ आणि ५३चे हे अर्थ झेड-८०च्या भाषेशी जुळतात.) नंतर एक कठीण प्रश्न विचारा : मॅनिक मायनरमध्ये ५३च्या जागी ५२ ठेवले, तर प्रत्येक मरणागणिक आयुष्य वाढेल. घरात २५५हून मोठी संख्या मावत नाही, मग पुढे काय होईल? आणि पडद्यावर इतक्या आयुष्यांची चित्रे काढायला जागा संपली, तर ती कोठे उमटतील? जेट सेट विलीचा माळा येथे आठवावा.

शाळेच्या कपाटात किंवा कोणाच्या माळ्यावर असे जुने यंत्र सापडले, तर भंगारात घालण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते लगेच विजेला जोडू नये. तीस-चाळीस वर्षांत आतले विद्युत-अपघटनी धारित्र वाळतात किंवा पाझरतात, ते आधी जाणकाराकडून तपासून घ्यावेत. दुसरे म्हणजे अडॅप्टरची टोके पाहावीत. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मध्यभागी ऋण टोक असते, बहुतेक घरगुती अडॅप्टरांत धन. आम्ही आमचे खोके असेच गमावले. टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर बसतो म्हणून लावला आणि टोके उलटी आहेत हे धूर निघाल्यावर कळले. जुन्या काचेच्या टीव्हीचे मागचे झाकण तर विद्यार्थ्यांनी कधीच उघडू नये. वीज काढल्यावरही आत प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो. फितींवरचा चुंबकीय थरही झडत चालला आहे. कोणाकडे पुण्याच्या स्पेक्ट्रमसाठी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम असतील, तर ते आताच संगणकावर उतरवून ठेवले पाहिजेत. आपल्याकडच्या त्या काळाची तेवढीच नोंद उरणार आहे.

चांदवडची ती पिवळी कॅसेट आजही आमच्याकडे आहे. काळा थेंब अजून तसाच आहे. पण त्याच्याखाली काय चालते, ते आता कोणत्याही सातवीच्या मुलाला फळ्यावर आठ चौकोन आखून दाखवता येते.